ठिपका केवढा होता? लघुग्रह २०२४ वायआर४ आणि अल्बेडोचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

चिलीतल्या रिओ उर्तादो इथे ॲटलास या आकाश-पाहणीची एक दुर्बीण आहे. २७ डिसेंबर २०२४ रोजी तिच्या छायाचित्रांत ताऱ्यांमधून सरकणारा एक अंधुक ठिपका सापडला. कक्षा मांडल्यावर कळले, की हा लघुग्रह दोन दिवस आधीच, २५ डिसेंबरला, पृथ्वीजवळून गेला होता. अंतर सुमारे ८ लाख २९ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या दुपटीहून थोडे अधिक. तो सूर्याच्या झगमगाटाच्या बाजूने आला, म्हणून येताना जमिनीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला दिसला नाही. सापडला तो परतीच्या वाटेवर. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोन दिवसांत आहे.

त्याला २०२४ वायआर४ हे नाव मिळाले. सूर्याभोवती त्याची एक फेरी साधारण चार वर्षांची. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळू शकतो असे गणितात दिसू लागले, आणि २७ जानेवारी २०२५ ला ही शक्यता १ टक्क्याच्या पुढे गेली. २९ जानेवारीला आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने अधिकृत सूचना काढली. सूचनेसोबत संभाव्य आघाताचा पट्टा होता: पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. वर्तमानपत्रांतून मुंबईचे नाव आले ते या पट्ट्यामुळे. आघाताचा धोका ० ते १० अंकांत सांगणाऱ्या टोरिनो मापनपट्टीवर त्याला ३ हा अंक मिळाला. २००४ मध्ये अपोफिस हा लघुग्रह काही दिवस ४ वर पोचला होता, त्यानंतरचा हा सर्वांत मोठा अंक.

१८ फेब्रुवारीला नासाच्या गणितात शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली. सगळ्यांचे डोळे या टक्केवारीवर होते. पण धोका ठरवायला दोन आकडे लागतात: आदळेल का, आणि आदळणारी वस्तू केवढी आहे. दुसऱ्या आकड्याच्या जागी तेव्हा फक्त एक पल्ला लिहिलेला होता, ४० ते ९० मीटर.

समस्या

इतक्या दूरचा लघुग्रह कोणत्याही दुर्बिणीत नुसता प्रकाशाचा ठिपका असतो. त्याला रुंदी नसते, तेज असते. आणि हे तेज दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते: पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, आणि त्या पृष्ठभागाची प्रकाश परतवण्याची क्षमता, म्हणजे अल्बेडो. लहान पण उजळ गोळा आणि मोठा पण काळवंडलेला गोळा दुर्बिणीत तंतोतंत सारखे दिसतात. गुणाकार हाती आहे, पण दोन्ही अवयव ठाऊक नाहीत, असा हा पेच.

डोळा इथे किती फसतो त्याचे उदाहरण रोज रात्री डोक्यावर असते. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला चांदीसारखा वाटतो, पण त्याचा अल्बेडो जेमतेम ०.१२ आहे, म्हणजे ऊन-पाऊस खाऊन फिकट झालेल्या डांबरी रस्त्याइतका. त्याच्यावरचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत. सह्याद्रीचा कातळही बेसॉल्टचाच. काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर उन्हात ठेवलेला असा कातळ पांढराशुभ्र भासतो, कारण शेजारी तुलनेला काहीच नसते. लघुग्रहाच्या ठिपक्याचे तेच आहे.

आकाराचे सूत्र साधे आहे. व्यास किलोमीटरमध्ये हवा असेल तर १३२९ ला अल्बेडोच्या वर्गमुळाने भागायचे, आणि १० चा जो घात येईल त्याने गुणायचे. घातांक म्हणजे निरपेक्ष प्रतीचा पाचवा हिस्सा, उणे चिन्हासह. निरपेक्ष प्रत म्हणजे लघुग्रह ठरावीक प्रमाणित अंतरावर आहे असे धरून काढलेला तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू मंद. वायआर४ ची निरपेक्ष प्रत सुमारे २४ होती. २४ भागिले ५ म्हणजे ४.८, १० चा उणे ४.८ घात म्हणजे ०.००००१५८५. त्याला १३२९ ने गुणले की ०.०२१०६ किलोमीटर, म्हणजे २१ मीटरहून किंचित जास्त. आता उरला फक्त अल्बेडो.

कोळशासारखा काळा, कार्बनयुक्त लघुग्रह धरला तर अल्बेडो ०.०५ आणि व्यास ९४ मीटर. मधला ०.१५ घेतला तर ५४ मीटर. उजळ खडकाळ, ०.२५ घेतला तर ४२ मीटर. वर्तमानपत्रांत छापून आलेला ४० ते ९० चा पल्ला इथूनच येतो. तो मोजमापातल्या चुकीचा पल्ला नव्हता. पृष्ठभागाचा रंग माहीत नसण्याचा होता.

व्यासातला हा दुपटीचा फरक ऊर्जेत अकरा पटींवर जातो, कारण वस्तुमान व्यासाच्या घनाने वाढते. घनता पाण्याच्या २.६ पट आणि वेग सेकंदाला १७.३ किलोमीटर धरला, तर ४२ मीटरच्या गोळ्याची ऊर्जा साधारण ३.६ मेगाटन टीएनटी येते आणि ९४ मीटरच्या गोळ्याची सुमारे ४०. पहिल्या आकड्यात शहराचा काही भाग रिकामा करण्याचा विचार करावा लागतो, दुसऱ्यात जिल्ह्याचा.

कारभाराच्या दृष्टीने आणखी एक कंगोरा होता. अंतराळ मोहिमांचे नियोजन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार गटाच्या निकषांनुसार, पुढच्या ५० वर्षांत आघाताची शक्यता १ टक्क्याहून अधिक असेल आणि वस्तू ५० मीटरहून मोठी असेल, तर लघुग्रह वळवण्याच्या मोहिमेची आखणी सुरू करायची असते. वरच्या सूत्रात ५० मीटर उलटे घालून पाहिले, तर अल्बेडो ०.१८ येतो. त्याहून पृष्ठभाग काळा असेल तर वस्तू निकषाच्या आत, उजळ असेल तर बाहेर. एका खडकाची छटा ०.१८ च्या या बाजूला की त्या बाजूला, यावर कोट्यवधींच्या मोहिमेचा प्रश्न अडला होता.

अल्बेडोबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा, कारण गल्लत नेहमी होते. वर वापरला तो भौमितिक अल्बेडो: सूर्य पाठीशी असताना, समोरून पाहिले तर तेवढ्याच आकाराच्या आदर्श पांढऱ्या चकतीच्या तुलनेत किती तेज दिसते, ते गुणोत्तर. हवामानशास्त्रात पृथ्वीचा अल्बेडो ०.३० म्हणतात तो बाँड अल्बेडो: सगळ्या दिशांना मिळून परत गेलेली एकूण सौरऊर्जा. तो १ च्या पुढे जाऊच शकत नाही. भौमितिक जाऊ शकतो. शनीच्या एन्सेलाडस या बर्फाळ उपग्रहाचा तो सुमारे १.३८ आहे. एकाच्या जागी दुसरा घातला की पुढचे सगळे गणित बिघडते. या प्रकरणात दोन्ही लागतात, त्यामुळे जास्तच जपावे लागते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे थांबणे. कक्षेची निरीक्षणे चालू ठेवायची. शक्यता शून्यावर आली तर आकाराचा प्रश्नच उरत नाही. बहुतेक लघुग्रहांच्या बाबतीत हेच होते आणि हेच योग्यही असते. इथे अडचण घड्याळाची होती. लघुग्रह रोज लांब आणि मंद होत चालला होता. एप्रिलनंतर तो जमिनीवरच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर जाणार होता आणि थेट २०२८ मध्ये परत दिसणार होता. तोवर शक्यता १-२ टक्क्यांवर रेंगाळली असती, तर तीन वर्षे आकार न कळता काढावी लागली असती.

दुसरा पर्याय वर्णपटाचा. परावर्तित प्रकाशाच्या रंगांवरून लघुग्रहाचा गट ओळखायचा आणि त्या गटाचा सरासरी अल्बेडो वापरायचा. हे लवकर होते आणि जमिनीवरून जमते. निरीक्षणे खडकाळ गटाकडे बोट दाखवत होती. पण सरासरी ही सरासरीच. खडकाळ गटाचा अल्बेडो ०.२ च्या आसपास असला, तरी त्यातले सदस्य ०.१ पासून ०.३ च्या पुढेपर्यंत पसरलेले असतात. म्हणजे व्यास ६७ मीटरही येतो आणि ३८ मीटरही. ५० ची रेषा मधोमधच राहते. ‘एक्स’ गटात तर परिस्थिती याहून अवघड आहे: त्यातल्या तीन उपगटांचे वर्णपट जवळजवळ सारखे असतात, अल्बेडो मात्र ०.१ च्या खालपासून ०.३ च्या वरपर्यंत. तिथे अल्बेडोवरूनच उपगट ठरवतात, वर्णपटावरून अल्बेडो ठरवता येत नाही.

तिसरा, रडार. रेडिओ लहर पाठवायची आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून थेट आकार मोजायचा. यात अल्बेडोची भानगडच नाही. पण प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते: अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळावा हिस्सा. सूचना निघाली तेव्हा लघुग्रह ४ कोटी किलोमीटरच्या पलीकडे होता. २५ डिसेंबरच्या आसपास तो ठाऊक असता, तर ही मोजणी सहज झाली असती. शिवाय अशा कामातली सर्वांत ताकदवान रडार-दुर्बीण, पोर्तो रिकोतली अरेसिबो, डिसेंबर २०२० मध्ये कोसळली ती परत उभी राहिली नाही.

चौथा पर्याय अवरक्त किरणांचा. पृष्ठभागाने जो प्रकाश परतवला नाही तो शोषला जातो, पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. ती मोजली की दुसरे समीकरण मिळते. जमिनीवरून हे जमत नाही, कारण साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीवर आपले वातावरण आणि खुद्द दुर्बीणही प्रकाशत असते; त्या उजेडात एवढा मंद ठिपका बुडून जातो. अंतराळात याच कामासाठी निओवाइज ही दुर्बीण होती, पण ती ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली आणि १ नोव्हेंबरला वातावरणात जळून गेली. तिची जागा घेणारी निओ सर्व्हेयर २०२७ च्या आधी उडणार नव्हती. वायआर४ नेमका या मधल्या रिकाम्या काळात सापडला. उरली एकच, जेम्स वेब अंतराळ दुर्बीण.

वेबचा वेळ मिळवणे हा मोठा निर्णय होता. तिचे वेळापत्रक वर्षभर आधी ठरते आणि एकेका तासासाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. सूर्यापासून ती पूर्णपणे आडोशाला राहावी म्हणून तिला फक्त सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच पाहता येते. त्यामुळे लघुग्रह त्या पट्ट्यात यायची वाट पाहणे भाग होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संचालकांच्या राखीव कोट्यातून सुमारे चार तास मंजूर झाले आणि निरीक्षणे मार्च व मे महिन्यांसाठी ठरली.

घडामोडी

१९ फेब्रुवारीला शक्यता निम्म्यावर, १.५ टक्क्यांवर आली. २० ला ०.२८. २४ ला ०.००४ टक्के, आणि पृथ्वीपुरता धोका संपला.

शक्यता आधी चढत गेली आणि मग एकदम कोसळली, याने बऱ्याच जणांना वाटले की गणित चुकले होते. तसे नव्हते. शंभर खोल्यांच्या चाळीत एक वस्तू हरवली आहे असे समजा. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीत ती असण्याची शक्यता एक टक्का. साठ खोल्या तपासून बाद केल्या की उरलेल्या प्रत्येक खोलीची शक्यता अडीच टक्क्यांवर जाते, खोलीत काहीही न बदलता. मग एक दिवस त्या खोलीचीच पाळी येते, दार उघडते आणि ती रिकामी निघते. पृथ्वी ही त्यातली एक खोली होती. लघुग्रहाच्या संभाव्य स्थानांची रेषा आखूड होत गेली, आणि पृथ्वी त्या रेषेवर होती तोवर तिचा वाटा वाढत राहिला.

इथे या प्रकरणातला सर्वांत कळीचा निर्णय आला. पृथ्वीला धोका उरला नव्हता. वेबचे तास परत करून दुसऱ्या कामाला द्यायचे, की ठरल्याप्रमाणे मोजणी करायची? परत करण्याच्या बाजूने मुद्दा दमदार होता: ज्या कारणासाठी वेळ मागितला ते कारणच संपले होते. मोजणी करण्याच्या बाजूने दोन मुद्दे होते. २०३२ मध्ये तोच लघुग्रह चंद्रावर आदळण्याची शक्यता १.७ टक्के होती आणि ती शून्यावर आलेली नव्हती. आणि इतक्या लहान लघुग्रहावर वेबची अवरक्त मोजणी किती चालते हे तपासलेले नव्हते. पुढची वस्तू खरोखर वाटेवर असेल, तेव्हा ही पद्धत पहिल्यांदाच वापरून पाहणे धोक्याचे. वेळ कायम ठेवला गेला. निर्णय बरोबर होता, आणि तो तातडी संपल्यावर घेतला गेला म्हणून विशेष मोलाचा.

मोजणी २६ मार्चला झाली. निअरकॅम या कॅमेऱ्याने परावर्तित प्रकाश टिपला आणि मिरी या उपकरणाने उष्णता. लघुग्रह स्वतःभोवती सुमारे २० मिनिटांत एक फेरी घेतो, आणि त्याच्या वेड्यावाकड्या आकारामुळे त्याचे तेज सारखे वर-खाली होत राहते. म्हणून एका छायाचित्रावर भागत नाही. काही तास सलग पाहून सरासरी काढावी लागते.

उष्णतेवरून आकार इतका नीट का कळतो, हे आकड्यांत पाहिले की पटते. बाँड अल्बेडो हा भौमितिक अल्बेडोच्या साधारण ०.३९ पट धरतात. भौमितिक ०.०५ असेल तर बाँड ०.०२, म्हणजे ९८ टक्के ऊन शोषले जाते. भौमितिक ०.२५ असेल तर बाँड सुमारे ०.१०, म्हणजे ९० टक्के शोषले जाते. परावर्तित तेजात पाच पटींचा फरक पाडणारा पृष्ठभाग उत्सर्जित उष्णतेत जेमतेम ८ टक्क्यांचा फरक पाडतो. उष्णता जवळजवळ फक्त क्षेत्रफळ सांगते. क्षेत्रफळ कळले की दृश्य तेजातून अल्बेडो आपोआप सुटतो.

तरीही चुकीला जागा राहते, आणि ती पृष्ठभागाच्या पोतात असते. मोठ्या लघुग्रहांवर बारीक धूळ असते. धूळ पटकन तापते आणि पटकन निवते, त्यामुळे उजेडाची बाजू चांगलीच गरम असते. उघडा खडक उष्णता धरून ठेवतो, आणि फेरी २० मिनिटांची असेल तर तीच उष्णता रात्रीच्या बाजूलाही वाटली जाते. उजेडाची बाजू तुलनेने थंड राहते. अशा खडकाला धुळीचे प्रारूप लावले, तर तापमान जास्त धरले जाते आणि आकार खऱ्याहून लहान येतो. वायआर४ चे मोजमाप धुळीच्या प्रारूपात बसत नव्हते. मुठीएवढे किंवा त्याहून मोठे दगड आणि वेगाने फिरणे, हे धरल्यावर ते जुळले. एवढ्या कमी गुरुत्वाकर्षणात आणि एवढ्या वेगात बारीक वाळू टिकणार तरी कशी!

निष्पत्ती

व्यास ६० मीटर, ७ मीटर कमी-अधिक. साधारण १५ मजली इमारतीच्या उंचीएवढा. वेबने तोवर लक्ष्य केलेली ही सर्वांत लहान वस्तू.

निरपेक्ष प्रत २४ धरून वरच्या सूत्रात ६० घातले की अल्बेडो ०.१२ येतो, योगायोगाने चंद्राएवढाच. ७ मीटरची मोकळीक धरली तर ०.१० ते ०.१६. खडकाळ गटाच्या सरासरीपेक्षा हा काळाच. नुसत्या वर्णपटावर विसंबून ०.२ धरला असता, तर व्यास ४७ मीटर आला असता आणि वस्तू ५० च्या निकषाखाली गेली असती. मोजलेल्या पल्ल्याचे खालचे टोकही ५३ आहे.

ऊर्जेचा पल्ला अकरा पटींवरून दुपटीवर आला. आधीचीच घनता धरली तर ६० मीटरसाठी सुमारे १० मेगाटन. घनता मोजलेली नाही, त्यामुळे वस्तुमानातली अनिश्चितता शिल्लक आहे.

वेबच्या निरीक्षणांनी कक्षाही सुधारली. चंद्रावर आदळण्याची शक्यता एप्रिल २०२५ मध्ये ३.८ टक्के आणि मे महिन्यातल्या निरीक्षणांनंतर ४.३ टक्के झाली. फेब्रुवारीत तास परत दिले असते, तर यातले काहीच हाती नसते.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. १ टक्क्याची रेषा २७ जानेवारीला ओलांडली, आणि अवरक्त मोजणी झाली ती २६ मार्चला, दोन महिन्यांनी. दरम्यान सल्लागार गटाची बैठक होऊन गेली आणि शक्यता शिखरावर जाऊन उतरलीसुद्धा. वेबचा दृश्यपट्टा कोणाच्या हातात नाही, हे खरे. पण शक्यता १ टक्क्यापर्यंत जाण्याची वाट न पाहता, ती त्या दिशेने चढू लागताच अवरक्त निरीक्षणाचा अर्ज तयार ठेवता येतो. लघुग्रह पट्ट्यात कधी येतो हे कक्षेवरून आठवडे आधी कळते. अर्ज पडून राहिला तर नुकसान काहीच नाही.

दुसरी गोष्ट लोकांना काय सांगितले याची. अनेक बातम्यांत आकार ‘५५ मीटर’ असा एकच आकडा होता, जणू कोणी पट्टी लावून मोजला आहे. तो ०.१५ अल्बेडोच्या गृहीतकातून आलेला होता. आकड्याशेजारी ‘पृष्ठभागाचा रंग गृहीत धरून’ एवढे शब्द जोडायला हवे होते. मुंबईतल्या वाचकाला आपले शहर पट्ट्यात आहे असे कळते, तेव्हा वस्तू ४२ मीटरची की ९४ मीटरची हे अजून माहीत नाही, हेही त्याला त्याच वाक्यात कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट निरपेक्ष प्रतीची. सगळ्यांचे लक्ष अल्बेडोकडे असले तरी प्रतीतली चूकही आकारात उतरते, ०.३ प्रतीची चूक म्हणजे व्यासात १५ टक्के. सूर्य, लघुग्रह आणि आपण यांच्यातला कोन वाढला की पृष्ठभागावर सावल्या वाढतात आणि तेज घटते. ही घट किती, हे प्रमाणित गुणांक वापरून धरले जाते. सुरुवातीच्या दिवसांत, लघुग्रह जवळ आणि तेजस्वी असताना, वेगवेगळ्या कोनांवरची निरीक्षणे मुद्दाम घेऊन हा गुणांक त्याच वस्तूसाठी काढणे शक्य होते. स्थान टिपायच्या घाईत तेजाची काळजीपूर्वक मोजणी मागे पडते, आणि नंतर ती संधी परत येत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र साधनांची. निओवाइज बंद करताना तिची वारसदार तयार नव्हती. निओ सर्व्हेयरची ५० सेंटिमीटरची दुर्बीण ४ ते १० मायक्रॉनमध्ये लघुग्रह शोधेल, तेव्हा शोध आणि आकार एकाच वेळी मिळू लागतील. युरोपीय अंतराळ संस्थेची निओमीर ही दुर्बीण सूर्याच्या बाजूने येणाऱ्या वस्तूंवर नजर ठेवण्यासाठी आखली आहे. संस्थेच्या गणितानुसार निओमीरने वायआर४ सुमारे महिनाभर आधी पकडला असता. महिनाभर आधी म्हणजे २५ डिसेंबरच्या आधी. रडारला आवाक्यातली वस्तू मिळाली असती आणि अल्बेडोचा प्रश्न नाताळातच सुटला असता.

२०२८ च्या डिसेंबरमध्ये वायआर४ पृथ्वीपासून सुमारे ८० लाख किलोमीटरवरून जाईल. तेव्हा क्रम उलटा ठेवावा लागेल: आधी रडारचा वेळ राखून आकार थेट मोजायचा, सोबत वेगवेगळ्या कोनांवर तेज टिपायचे, आणि मग वेबच्या ६० मीटरशी ताळा घ्यायचा. ताळा जमला नाही, तर चूक कुठे शोधायची तेही आताच ठरलेले आहे: मुठीएवढ्या दगडांच्या त्या गृहीतकात.